पातीत आधी अक्का

अक्का शेतात आधी नाकाने शिरायची. टोळी बांधावर बसलेली असायची, कुणी पदर खोचतंय, कुणी मिश्री लावतंय, आणि अक्का एकटी भुईमुगाच्या पहिल्या पातीपाशी, म्हणजे एका बाईच्या वाट्याला येणाऱ्या निंदणीच्या पट्ट्यापाशी, उकिडवी बसायची. एक पान खुडायची, तळव्यावर चुरायची, नाकाशी धरायची. मग बोटं लुगड्याला पुसून तीच बोटं पुन्हा हुंगायची. निकाल तीनच असत. ‘नवं’ म्हणजे काल-परवा औषध मारलंय, टोळी घरी. ‘जुनं’ म्हणजे उतरा, पण हात तोंडाकडे न्यायचा नाही. ‘नही’ म्हणजे औषध नाही, चला. आणि ‘नही’ म्हटल्यावरही ती आख्खी पात या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून यायची, तेव्हा कुठे बाया खुरपी उचलायच्या. ‘आधी वावरले इचारानं, मंग पाय ठेवाना,’ असं तिचं म्हणणं होतं.

अक्का निंदणीच्या टोळीची मुकादम होती. धुळे-अमळनेर रस्त्याला लागून असलेल्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही, आणि पुढे ज्या मालकाबद्दल लिहायचं आहे त्याला नुसतं नाना म्हणते. नावं लिहिली की नोटीस येते, एवढं पत्रकं वाटून मी शिकले आहे. मी अमळनेरची. शेतमजूर बायांच्या एका छोट्या संघटनेचं काम करते, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिते आणि वाटते. कीटकनाशकांच्या विषबाधेवरचं पहिलं पत्रक घेऊन मी या टोळीपुढे उभी राहिले, तेव्हा अक्काने ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं, चित्र तेवढं दिसत होतं.

‘पोरी, तुना कागदवरनी अळी कितली जाडी शे वं,’ ती म्हणाली. ‘आमना वावरनी अळी बिचारी उपाशी मरस.’

टोळी हसली. मीही हसले, पण मला राग आला होता. अक्काने पत्रकाची घडी करून बुडाखाली घेतली, कारण बांध दवाने ओला होता. नंतर ती मला कायम ‘कागदवाली’ म्हणत राहिली. कागदवाली उनी, चहा टाका. कागदवालीले सावलीमा बसाडा, नाजूक शे.

आता ती टोळी काम कशी करायची ते सांगते, कारण मी पाहिलेल्या कुठल्याही टोळीत तशी रीत नव्हती. निंदणाऱ्या बाया दिवसभर झाडाच्या उंचीवर असतात. मालक बांधावरून हिरवं बघतो, बायांना पानाची मागची बाजू दिसते. अक्काने त्यातून एक पद्धत बसवली होती. पातीत सरकता सरकता ज्या बाईला जे दिसेल ते तिने मोठ्याने सांगायचं. एखादी पातीच्या मधूनच म्हणायची, ‘अक्का, मावा शे.’ अक्का विचारायची, ‘कोठे?’ ‘बांधना कडे.’ ‘शेंडावर का पानवर?’ ‘शेंडावर. पानं चिकट व्हयेल शेतस.’ मग दुसरी टोकाकडून सांगायची, की तिच्या पातीत पानांची टोकं पिवळी पडलीत, तुडतुडे उडतायत. गाणं म्हणावं तशी ही बातमी पातीपातीतून फिरायची आणि अक्का ती डोक्यात साठवायची. निंदणी संपली की मालकाला उभ्या उभ्या सगळं सांगायची: या कोपऱ्यात मावा आहे पण ढालकिडेही आहेत, ते खातील, थांबा, त्या बाजूला पानं गुंडाळलेली दिसली, बघून घ्या.

बांधावर एरंडी लावायला ती मालकांच्या मागे लागायची. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग भुईमुगाआधी एरंडीवर अंडी घालतो, म्हणून टोळी पोचली की आधी एरंडीची पानं उलटायची. पानामागे तपकिरी लोकरीचा ठिपका दिसला की तो अंड्यांचा पुंजका. पान खुडायचं, ओटीत टाकायचं, शेवटी सगळी पानं जाळायची. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या एकाच पानावर दाटीने बसतात आणि पान जाळीसारखं करतात. तेही पान ओटीत.

हे तिला आपोआप सुचलेलं नव्हतं. गावाला एक कृषी सहायक होता, मोटारसायकलवर यायचा, शेतात कामगंध सापळे टांगायचा, आत अडकलेले पतंग बघायचा, आणि बायांशी नीट बोलायचा. सगळे सरकारी लोक वाईट असतात असं पत्रकात लिहिणं सोपं असतं. हा बरा माणूस होता. त्यानेच अक्काला पानं उलटायला शिकवलं. त्याआधी अक्का दिसेल तो किडा चिरडायची, ढालकिडेसुद्धा. त्याने सांगितलं, की हा मावा खातो, हा आपल्या बाजूचा आहे. अक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने टोळीला दटावलं, ‘ढालकिडाले कोणी हात नही लावाना. मी कवयपासून सांगी राहिनू.’ सहायक शेजारीच उभा होता. अक्काला चुकलेलं कबूल करायला आवडत नसे, हे लिहायलाच हवं. ती प्रेमळ होती, पण भांडखोर होती, मानी होती, आणि आपल्या नाकाचा तिला भारी गर्व होता. टोळीतली कमल तिला चिडवायची: ‘अक्काले अळी दिसस नही. अक्काले अळीना वास येस.’ अक्का म्हणायची, ‘तुना सासूनं वरण जळनं तेबी माले आठे बसीसन समजस.’

ही कमल टोळीत सगळ्यांत लहान होती. लताबाईची सून. लताबाईही टोळीतच, शेजारच्या पातीत. कमलची नजर अशी, की उभ्या उभ्या तिला एरंडीच्या पानामागचा पुंजका कळायचा, पानाचा रंग जरा फिका दिसतो म्हणायची. पातीत सगळ्यांत जास्त पानं तीच उलटायची, सगळ्यांत भरलेली ओटी तिची असायची. अक्का तिला शिव्या द्यायची आणि भाकरीच्या वेळी आपल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून तिच्याच हातावर ठेवायची.

अक्काचं खरं काम मात्र पुढचं. तिने मालकांशी एक करार केला होता. कागदावर नाही, बांधावर. आम्ही निंदता निंदता कीड सांगू, अंडी खुडू, त्याचे वेगळे पैसे मागणार नाही. त्याबदल्यात तुम्ही उगाच आख्खं शेत फवारायचं नाही, लागेल तेवढाच तुकडा फवारायचा, आणि फवारलं की बांधावरच्या एरंडीला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर टोळी येणार नाही. नानांनी आधी टाळाटाळ केली. ते या गावचे मोठे बागायतदार, भुईमूग त्यांचाच जास्त.

‘अक्का, तुम्ही निंदा,’ नाना म्हणाले होते. ‘डॉक्टर नका होऊ.’

‘डॉक्टर कसाले व्हसू, नाना? डॉक्टर पैसा लेस. मी फुकट सांगस.’

नाना हसले आणि कबूल झाले. एका हंगामात त्यांची फवारणी इतकी कमी झाली, की दुकानदाराने त्यांना वाटेत थांबवून विचारलं, नाना, दुसरीकडून घेता का? हे नाना स्वतः सांगत फिरायचे. त्या हंगामात टोळीत कुणाला चक्कर आली नाही, कुणाच्या हाताची आग झाली नाही. मी संघटनेच्या बैठकीत सांगितलं, की आपण मोर्चे काढून जे मिळवू शकलो नाही ते एका बाईने चिंधीवर मिळवलं. पण त्या करारात एक भोक होतं. चिंधी बांधायची मालकाने, आणि काढायचीही मालकानेच. काढली कधी आणि का, हे तपासायला अक्काच्या नाकाशिवाय काही नव्हतं.

आणि ते नाक करोनाच्या तापात गेलं.

ताप उतरला, अंगात ताकद आली, वास आला नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं, तरी नाही. चुलीवर दूध करपून काळं झालं तरी ती शेजारी बसलेली असायची. घरी ती एकटीच, मुलगी यावलकडे दिलेली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. टोळीपुढे रोज सकाळी ती पान चुरत राहिली, नाकाशी धरत राहिली, निकाल देत राहिली. चिंधी दिसली की ‘नवं’, नाही दिसली की ‘नही’. मधलं ‘जुनं’ ती अंदाजाने सांगायची. मालक करार पाळत होते तोवर तिचे निकाल बरोबर येत होते. ती खोटं बोलत होती, रोज, आपल्या माणसांशी. का? तर नाक नसलेल्या मुकादमाला कोण विचारतं, असं तिला वाटलं. टोळीतून उठून नुसती निंदणारी बाई होणं तिला सहन झालं नसतं.

आता तो दिवस. भुईमुगाला आऱ्या सुटायच्या आधी निंदणी उरकावी लागते. झाडाखालच्या या सुया एकदा मातीत घुसल्या की खुरपं लावता येत नाही, शेंगा धरत नाहीत. नानांच्या शेतात गवत माजलं होतं, आऱ्या सुटायला लागल्या होत्या, आणि नेमकी त्याच आठवड्यात पानं खाणारी अळी वाढली. टोळीने आधीच सांगितलं होतं, की विहिरीकडच्या तुकड्यात पुंजके फार दिसतात, तेवढा तुकडा बघा. नानांनी आदल्या दिवशी संध्याकाळी आख्खं शेत फवारलं. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं औषध, म्हणजे सगळ्यांत जहाल. चिंधी बांधली असती तर टोळी आली नसती, आणि पुढचे दिवस टोळी दुसऱ्या गावाला बोललेली होती. म्हणून चिंधी बांधली नाही. इतकं साधं आहे ते. यात गैरसमज नाही, विसरभोळेपणा नाही. एका पिकाची निंदणी आणि चौदा-पंधरा बायांचे हात यांत माणसाने निवड केली.

सकाळी दव होतं. अक्काने पान चुरलं, हुंगलं, ‘नही’ म्हणाली. पात चालून आली. टोळी उतरली. थोड्या वेळाने कमल आपल्या पातीतून म्हणाली, ‘अक्का, अळ्या मरेल शेतस.’

‘कश्या मरेल?’

‘लोंबकळी राहिन्यात. नरम पडेल शेतस.’

इथे सगळं थांबायला हवं होतं. पण कृषी सहायकाने मागच्याच हंगामात टोळीला शिकवलं होतं, की अळीला एक रोग होतो, तो झाला की ती शेंड्याकडे चढते आणि उलटी लोंबकळून मरते, ही चांगली खूण आहे, मग फवारायची गरज नसते. अक्काला ते पक्कं आठवत होतं.

‘रोगथीन मरी व्हई,’ ती म्हणाली. ‘आपलं काम सोपं व्हयनं. चाला.’

कुणी तरी म्हणालं, नाना वाचले औषधाच्या खर्चातून. हसल्या. कमलने लोंबकळणाऱ्या अळ्यांची पानं खुडून ओटीत भरली, नेहमीसारखीच, सगळ्यांपेक्षा जास्त. ओल्या पानांनी तिचं लुगडं पोटापाशी भिजलं. भाकरीची वेळ झाली तेव्हा हात धुवायला पाणी पिण्यापुरतंच होतं, तेवढ्यात बोटं ओली करून त्या जेवायला बसल्या.

कमलच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा लताबाईला वाटलं ठसका लागला. मग तिला घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या. दोघीतिघी ओकायला लागल्या. अक्का स्वतः उठायला गेली आणि पडली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने तीन फेऱ्यांऐवजी जमेल तेवढ्यांना एकातच कोंबलं आणि धुळ्याला आणलं.

मी अमळनेरहून एसटीने पोचले तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर एकच विचारत होते: औषध कोणतं होतं? नाव कळलं की उपचार नेमका करता येतो. मी नानांना फोन लावला. ते म्हणाले, ‘मी फवारलंच नाही. शेजारच्याने फवारलं असेल, वाऱ्याने आलं असेल.’ दुसऱ्यांदा लावला तेव्हा फोन बंद होता. कृषी सहायक मोटारसायकलवरून नानांच्या विहिरीवरच्या खोलीकडे गेला, कुलूप होतं, कुलूप फोडून त्याने रिकामा डबा आणला. या एका कामासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानीन. तो डबा पोचला तेव्हा दिवस मावळत होता. कमल त्याआधीच गेली होती.

बाकीच्या वाचल्या. कमलची नजर सगळ्यांत चांगली होती, तिने सगळ्यांत जास्त पानं उलटली, आणि सगळ्यांत जास्त विष तिच्याच हाताला लागलं. कीड बघायची कला बायांना शिकवावी असं सगळे म्हणतात, मीही पत्रकात लिहिलं आहे. त्या कलेला सुरक्षित शेत लागतं, हे मात्र कुणाच्याच पत्रकात नसतं.

दुसऱ्या दिवशी सलाईन लावलेल्या अक्काच्या खाटेपाशी मी बसले होते. पलीकडच्या भिंतीला टेकून लताबाई. अक्का छताकडे बघत होती. मग म्हणाली, ‘माले वास येस नही. तापना पासून.’

मला आधी कळलं नाही. लताबाईला लगेच कळलं. ती उठून खाटेजवळ आली.

‘तुना नाकवर भरोसा ठेईसन आम्ही वावरमा गऊत,’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘मनी सून बी.’

‘हा,’ अक्का म्हणाली.

‘एक डाव बोलनं व्हतं.’

‘हा.’

लताबाई बाहेर निघून गेली. त्यानंतर ती अक्काशी बोलली नाही.

संघटनेत या घटनेवर मोठं पत्रक काढायचं ठरलं. मजकूर मीच लिहिला. मथळा तयार, मागण्या तयार: मालकावर गुन्हा, दुकानदाराची चौकशी, फवारलेल्या शेतावर सक्तीची खूण. फक्त अक्काचं म्हणणं तिच्या नावाने छापायचं होतं. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, नाकाचं लिहू नका, मालकाचा वकील नेमकं तेच उचलेल. त्यांचं चूक नव्हतं. मी अक्काच्या घरी जाऊन मजकूर वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं.

‘मना नाकनं कोठे शे?’

‘अक्का, त्याची गरज नाही. चूक नानांची आहे.’

‘नानानी शे. मनी बी शे. नाकनं लिखशी नही ते मनं नावबी लिखू नको.’

मी चिडले. मी तिला म्हटलं, की तू आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याला सोडवते आहेस. त्याचा वकील म्हणेल, मुकादमाने ‘चला’ म्हटलं म्हणून बाया उतरल्या.

‘म्हनू दे,’ अक्का म्हणाली. ‘आज माले झाकशी, उद्या दुसरी एक नाक लिसन पुढे उभी ऱ्हाई. बाया तिना मागे जातीन. मालक घरमा बशी. आते नाक नको, कागदवाली. आते मालक पुढे पाहिजे. त्याना वावर, त्यानी आधी चालाना.’

चौकीत तिने जबाब दिला तो पूर्ण दिला. चिंधी, अळ्या, रोगाची चूक, नाक, सगळं. आणि जे व्हायचं तेच झालं. नानांच्या वकिलाने तेवढाच भाग उचलला, अटक झालेले नाना आठवड्यात जामिनावर घरी आले, आणि प्रकरण कुठल्या टेबलावर आहे हे आज मला विचारू नका, मला ते कुणी धड सांगत नाही. पत्रक निघालं. त्यात नाकाबद्दलचा परिच्छेद होता. आमच्यापैकी काही जण माझ्यावर अजून नाराज आहेत. अक्का बरोबर वागली की चूक, यावर मी स्वतःशी भांडले आहे आणि भांडण मिटलेलं नाही. नाना मोकळा फिरतो तेव्हा वाटतं, थोडं झाकलं असतं तर काय बिघडलं असतं.

अक्का टोळीत परत गेली नाही. एकदाच गेली, बायांनी पाती धरायच्या आधी. लांब उभी राहून बोलली, बसली नाही. तिने सांगितलं, की इथून पुढे चिंधी बघायची नाही, वास घ्यायचा नाही, कुणा मुकादमाचं ऐकायचं नाही. मालकाने आधी उतरायचं, अनवाणी, आणि पात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायची. पानं हाताने उलटून दाखवायची. मग टोळी. बाया ऐकत होत्या. लताबाई पाठमोरी बसली होती. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. अक्का निघून आली.

मी तिला अमळनेरच्या स्टँडवर सोडायला गेले. ती यावलला मुलीकडे चालली होती. तिकडे केळीच्या घडांवर पिशव्या चढवायचं काम मिळेल, असं जावयाने सांगितलं होतं. गाठोडं मांडीवर, पाय बाकावर घेतलेले.

‘तिकडेही फवारतात, अक्का,’ मी म्हटलं.

‘फवारतीन ना. केळीबी वावरच शे.’

‘मग?’

‘मंग काय. जावाईले म्हनसू, तू चाल आधी.’ ती पहिल्यांदा थोडी हसली. गाडी लागली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘कागद लिखत ऱ्हा. पन अळी बारीक काढ.’ खिडकीपाशी बसल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. केळीच्या बागेतच तिला दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात धाप लागली आणि ती गेली. मुलीचा फोन आला तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता.

त्या पावसाळ्यात भुईमुगाची निंदणी आली. नानांचा निरोप टोळीला गेला. मी मुद्दाम सकाळीच पोचले होते. टोळी बांधावर बसली होती, खुरपी मांडीवर. नाना मोटारसायकल लावून आले.

‘बसल्या का? आऱ्या सुटायला लागल्या, चला.’

कुणी उठलं नाही. मग लताबाई बोलली, त्या दिवसानंतर नानांशी पहिल्यांदाच.

‘नाना, तुम्ही चाला आधी.’

‘कुठे?’

‘पातमा. बूट काढीसन.’

नाना हसले. ‘माझ्याच वावरात मला चालून दाखवायचं?’

‘हा.’

‘फवारलेलं नाही, लताबाई. देवाची शपथ.’

‘मंग चाला ना.’

नानांनी शेताकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. दव फार आहे म्हणाले. गुडघा दुखतो म्हणाले. मग खिशातून फोन काढून ते बाजूला गेले. तासाभरात एक टेम्पो आला, सातपुड्याकडच्या बायांनी भरलेला, पहाटेपासून बसून आलेल्या. म्हणजे दुसरी टोळी आधीच ठरवून ठेवलेली होती. माझ्या पिशवीत पत्रकं होती. ती काढायला मी हात घातला, पण लताबाई माझ्याआधी उठली. ती टेम्पोपाशी गेली. आपल्या सुनेबद्दल बोलली नाही, रडली नाही. मागच्या फळीला धरून एवढंच म्हणाली, ‘तो मालक शे. त्याले म्हना, आधी तू चाल.’

टेम्पोतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांची बोली वेगळी, पण एवढं कळायला बोली लागत नाही. त्यांची मुकादम एक म्हातारी होती. तिने पाय बाहेर सोडले होते, ते तिने तसेच हवेत ठेवले.

‘शेठ,’ ती म्हणाली, ‘तुम्ही चला ना पुढे. आम्ही येतो मागून.’

नाना बांधावर उभे होते. म्हातारी टेम्पोतून उतरली नाही.